फिल्म सिटी येतेय, पण तिच्यात शिरणार कोण?

जानेवारी २०२४ मध्ये यमुना एक्सप्रेसवे प्राधिकरणाच्या फिल्म सिटीची निविदा उघडली. बोनी कपूर आणि भूटानी समूह यांच्या बेव्ह्यू प्रोजेक्ट्स या कंपनीने उत्पन्नातला १८ टक्के हिस्सा प्राधिकरणाला देऊ केला आणि काम तिला मिळालं. मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांनी या प्रकल्पाची घोषणा सप्टेंबर २०२० मध्ये केली होती. जेवरच्या नव्या विमानतळाजवळ सेक्टर २१ मध्ये एकूण सुमारे १,००० एकर जागा आहे, त्यातला पहिला टप्पा २३० एकरांचा. तेव्हापासून दिल्लीच्या आसपास एक वाक्य सारखं कानावर पडतं : आता सिनेमा मुंबईहून इकडे येणार.

मी फरीदाबादला राहते. दिल्लीत पीएचडी करणाऱ्याला दिल्लीत राहणं परवडत नाही, म्हणून आमच्यासारखे बरेच जण व्हायोलेट लाइनच्या शेवटच्या टोकाला खोल्या घेऊन राहतात. यमुनेच्या आम्ही या बाजूला, फिल्म सिटी पलीकडे. तरीही इथल्या प्लॉटच्या दलालांनी ती आपलीच मानली आहे. बल्लभगढकडून जेवरला जाणारा सुमारे ३१ किलोमीटरचा रस्ता होतोय, त्यामुळे जमिनीची प्रत्येक जाहिरात आता विमानतळ आणि फिल्म सिटी किती मिनिटांवर आहे ते सांगते. हरियाणा सरकारनेही २०१८ मध्ये स्वतःचं चित्रपट धोरण आणलंय. थोडक्यात, यमुनेच्या दोन्ही काठांवरच्या राज्यांना सिनेमा हवाय.

समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला यात पहिला प्रश्न पडतो तो असा : एखादं शहर सिनेमाचं शहर होतं म्हणजे नेमकं काय होतं? जागा आणि स्टुडिओ बांधले की होतं? तसं असतं तर फरीदाबाद कधीच झालं असतं. जागा होती, कारखाने होते, वीज होती, दिल्ली शेजारी होती. शिवाय सिनेमा ज्या लोकांनी मोठा केला त्यांच्यासारखेच, त्याच फाळणीत उखडलेले लोकही इथे होते.

हा भाग थोडा सविस्तर सांगते, कारण फरीदाबाद म्हणजे ट्रॅक्टर आणि धूर एवढंच बाहेरच्यांना माहीत असतं. आजचं एनआयटी, म्हणजे न्यू इंडस्ट्रियल टाऊनशिप, हे १९४९ पासून निर्वासितांनी वसवलेलं शहर आहे. बन्नू, डेरा इस्माईल खान, कोहाट, पेशावर अशा वायव्य सरहद्दीवरच्या गावांतून आलेले हे लोक. फरीदाबाद विकास मंडळाचे अध्यक्ष राजेंद्र प्रसाद होते आणि पंडित नेहरू स्वतः त्यात लक्ष घालत. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनने इथे सहकारी संस्था उभ्या केल्या आणि निर्वासितांनी आपली घरं आपल्या हातांनी बांधली. त्यांनी आपल्या इस्पितळाला बादशाह खान यांचं नाव दिलं. स्वतंत्र भारताचा तो एक मोठा प्रयोग होता. लक्ष्मीचंद जैन यांनी त्यावर पुस्तकच लिहिलंय.

त्याच वेळी लाहोरहून दुसरा एक लोंढा निघाला होता. लाहोर हे तेव्हा सिनेमाचं मोठं केंद्र होतं. दलसुख पंचोली यांचा स्टुडिओ तिथे होता, रूप शोरी तिथे चित्रपट काढत होते, प्राण तिथे नायक-खलनायक करत होते, बी. आर. चोप्रा तिथे सिनेमावर लिहीत होते. १९४७ नंतर हे सगळे मुंबईला पोचले. चोप्रा तर आधी दिल्लीत थांबले होते. दिल्लीत थांबून काय करणार, असा विचार त्यांनी केला असेल तर तो बरोबरच होता. दिल्लीत सरकार होतं, सिनेमात घालायला पैसा नव्हता.

मुंबईत तो होता आणि फार आधीपासून होता. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चित्रपट वॉटसन हॉटेलात दाखवले गेले ते मुंबई बंदर होती म्हणून. बंदर अफू आणि कापसाच्या पैशावर फुगलेलं. पारशी नाटक कंपन्यांनी आधीच प्रेक्षक, पडदे, गाणारे आणि तिकीट विकायची सवय तयार ठेवली होती. रणजीत मूव्हिटोनचे चंदूलाल शहा कापसाच्या आणि शेअरच्या सट्ट्यासाठीही प्रसिद्ध होते. १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज उभी राहिली तेव्हा तिच्या संचालक मंडळावर शहरातली बडी उद्योगपती मंडळी होती. सिनेमा हा धंदाच असा की दहातले आठ बुडतात, म्हणून त्याला असा पैसा लागतो जो बुडाला तरी घरातली चूल पेटती राहते. असा पैसा या देशात कोणत्या जातींकडे साठलेला होता हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

सिनेमाच्या इतिहासाची पुस्तकं इथे ‘द्रष्टे’, ‘धाडसी’ असे शब्द वापरतात. फाळके धाडसी होतेच. विम्याची पॉलिसी गहाण टाकली, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. पण गहाण टाकायला पॉलिसी असणं आणि विकायला दागिने असणं ही सुद्धा एक सामाजिक जागा आहे. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम करायला कोणी बाई तयार होईना, तेव्हा खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना साडी नेसवली गेली, ही गोष्ट आपल्याला गमतीची म्हणून सांगतात. ‘चांगल्या घरातल्या’ बायका पडद्यावर येत नव्हत्या, कारण लोकांपुढे नाचणं-गाणं हे काम जातीने ठराविक बायकांवर टाकलेलं होतं आणि त्या कामाला किंमत होती, इज्जत नव्हती. तमाशातल्या, कलावंतिणींच्या घरांतल्या बायकांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं. पुढे पडदा ‘प्रतिष्ठित’ झाला तसतशा त्या मागे सरकत गेल्या.

म्हणून मला कोल्हापूरचा इतिहास मुंबईपेक्षा जवळचा वाटतो. (मी कोल्हापूर जिल्ह्यातली आहे, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा.) तिथे सिनेमा सुरू केला तो सुतारकाम, मूर्तिकाम, रंगकाम करणाऱ्या घरातल्या बाबूराव मेस्त्रींनी. जग त्यांना बाबूराव पेंटर म्हणून ओळखतं. आनंदराव आणि बाबूराव या भावांनी कॅमेरा विकत घेतला नाही, त्यांनी तो कारागिराच्या अकलेने घडवायला घेतला. महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैसा लागला तेव्हा तो देणाऱ्यांत होत्या गायिका तानीबाई कागलकर. संस्थानात राजा होता तो राजर्षी शाहू, ज्यांनी १९०२ मध्ये नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या होत्या. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला. १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ आला. सावकाराने जमीन गिळली म्हणून शेतकरी शहरात मजुरीला जातो, अशी त्याची कथा. देव-दानवांच्या त्या काळात हा विषय कोल्हापुरातून यावा, यात मला योगायोग दिसत नाही. हात चालवणाऱ्यांच्या शहरातून तो आला.

पण कोल्हापूर टिकलं नाही, निदान केंद्र म्हणून नाही. याच कंपनीतून फुटून १ जून १९२९ ला प्रभात उभी राहिली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. बोलपट आला तसा खर्च वाढला. यंत्रं, कच्ची फिल्म, वितरक, मोठी थिएटरं हे सगळं मुंबई-पुण्याच्या रेल्वेमार्गावर होतं. कारागिरी आणि राजाश्रय यांच्या जोरावर शहर सिनेमा सुरू करू शकतं, पण बाजार हातात नसेल तर तो तिथे ठेवू शकत नाही. जयप्रभा स्टुडिओत भालजी पेंढारकरांनी पुढे कितीतरी वर्षं काम केलं, त्याला मी कमी लेखत नाही. पण केंद्र तेच, जिथे कुठला सिनेमा निघणार आणि कुठला नाही हे ठरतं. ते ठरवणं कोल्हापूरच्या हातून गेलं.

मुंबईपेक्षा वेगळं उदाहरण पाहायचं तर हैदराबादचं पाहा. तेलुगू सिनेमा मूळ मद्रासचा. तो हैदराबादला आणला गेला, आपोआप आला नाही. सरकारने सवलती दिल्या, जागा दिल्या. पण सवलतींच्या आधी एक गोष्ट घडून गेली होती. १९ व्या शतकाच्या मध्यात गोदावरी आणि कृष्णेवर इंग्रजांनी बंधारे बांधले. किनारपट्टीच्या त्रिभुज प्रदेशात भाताचं पीक उदंड झालं आणि जमीन ज्यांच्याकडे होती त्या कम्मा, रेड्डी अशा जातींच्या हाती शिलकीचा पैसा आला. तो आधी गिरण्यांत गेला, मग थिएटरांत, मग वितरणात आणि शेवटी निर्मितीत. एस. व्ही. श्रीनिवास यांच्यासारख्या अभ्यासकांनी तेलुगू सिनेमातली ही भांडवलाची वाट मांडून दाखवली आहे. अन्नपूर्णा स्टुडिओ सत्तरच्या दशकातला, रामोजी फिल्म सिटी १९९६ ची, सुमारे १,६६६ एकरांची. भिंतीवर नाव स्टुडिओचं, पण पाया खणत गेलात तर भाताचं शेत लागतं आणि त्या शेतात राबणारी माला-मादिगा माणसं लागतात. त्यांच्या घामाचा पैसा पडद्यापर्यंत गेला, ती स्वतः गेली ती प्रेक्षक म्हणून.

बाबासाहेब जातीला श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी म्हणत. सिनेमाच्या सेटवर एक दिवस उभं राहिलात तर हे कळायला जाडी पुस्तकं लागत नाहीत. लाइट उचलणारा, ट्रॉलीचे रूळ टाकणारा, जेवणाचे डबे आणणारा, व्हॅनिटी व्हॅन धुणारा एका बाजूला. कथा कुठली आणि कोणाची हे ठरवणारा दुसऱ्या बाजूला. मधली भिंत कुठेच दिसत नाही, तरी ती ओलांडलेली माणसं बोटांवर मोजता येतात. अण्णा भाऊ साठे यांच्या कादंबऱ्यांवर ‘वैजयंता’, ‘फकिरा’ असे चित्रपट निघाले. अण्णा भाऊ मात्र घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिले. मुंबई तेव्हा सिनेमाचं केंद्र नव्हती का? होती. केंद्रापासून ते किती लांब राहत होते? लोकलने काही स्थानकं.

आता आपल्या एनसीआरकडे येऊ. इथे आधीच एक फिल्म सिटी आहे. नोएडाच्या सेक्टर १६ए मध्ये १९८०च्या दशकात सुमारे १०० एकरांवर ती आखली गेली. तिचं काय झालं? तिथे सिनेमाऐवजी बातम्यांच्या वाहिन्या आल्या. आज हिंदी पट्ट्याला रोज रात्री कशावर चिडायचं हे जिथून सांगितलं जातं त्या पत्त्यातले दोन शब्द अजून ‘फिल्म सिटी’ असेच आहेत. याचं मला पूर्वी हसू यायचं. आता वाटतं, यात सगळं उत्तर आहे. सरकारने जागा दिली सिनेमासाठी, पण दिल्लीतला पैसा आणि दिल्लीतली ओळखपाळख सत्तेभोवती जमलेली होती, म्हणून तिथे सत्तेचा धंदा उगवला. शहराकडे ज्या प्रकारचं भांडवल असतं, ते रिकाम्या प्लॉटवर आपलंच पीक काढतं.

आणि त्या पिकावर कोणाचा ताबा? २००६ मध्ये अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांमधल्या निर्णय घेणाऱ्या ३१५ लोकांची पाहणी केली. अनुसूचित जाती-जमातींचा त्यात एकही नव्हता. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांच्या अहवालाने न्यूजरूममधली १२१ नेतृत्वाची पदं पाहिली. १०६ सवर्णांकडे, अनुसूचित जाती-जमातींकडे पुन्हा शून्य. तेरा वर्षांत वाहिन्या किती वाढल्या, इमारती काचेच्या झाल्या, मेट्रो आली. शून्य जागचं हललं नाही. नव्या फिल्म सिटीबद्दल कोणी मला ‘रोजगार’ म्हणालं की मला आधी हे शून्य आठवतं.

कारण रोजगार म्हणजे नुसती संख्या नाही. मी ज्या गल्लीत राहते तिथला एक मुलगा, घरातला पहिला पदवीधर, वडील प्लेटिंगच्या कारखान्यात. त्याला अँकर व्हायचं होतं. नोएडातल्या एका खासगी संस्थेत त्याने एका वर्षाचा डिप्लोमा केला, फी आईच्या बचत गटातून आणि मामाकडून. नंतर तीन महिन्यांची इंटर्नशिप, विनावेतन. तो मला एकदा मेट्रोत हिशेब सांगत होता, “दीदी, जाण्या-येण्याचे रोज दीडशे, जेवण वेगळं. त्यांनी मला काढलं नाही, मीच थांबलो. चौथा महिना मला परवडणारच नव्हता.” त्याच्याबरोबरचे दोघे मात्र टिकले. एकाचं घर दक्षिण दिल्लीत, दुसऱ्याचे काका त्याच इमारतीत. हा मुलगा त्यांच्यापेक्षा वाईट बोलत होता असं मला वाटत नाही. आज तो बल्लभगढजवळच्या एका गोदामात स्कॅनर घेऊन उभा असतो.

सिनेमाच्या धंद्यात शिरण्याची खरी फी म्हणजे वाट बघता येणं. सहायक, सहायकाचा सहायक, ‘सध्या पैसे नाहीत पण नाव होईल’ अशी दोन-तीन वर्षं. मुंबईतल्या प्रत्येक मुलाखतीत ‘स्ट्रगल’ हा शब्द येतो. पण स्ट्रगल करायला अंधेरीत खोली लागते, खोलीला अनामत रक्कम लागते, अनामत रकमेच्या आधी घरमालकाला आडनाव लागतं. आपल्यातली बहुतेक जण पदवीच्या दुसऱ्या दिवसापासून घरी पैसे पाठवायला बांधलेली असतात. धाकट्याची फी, आईचं औषध, गावाकडचं कर्ज. आपण वाट बघू शकत नाही, आणि मग आपल्यात ‘पॅशन’ नाही असं ठरतं. मला या शब्दाचा खरोखर राग आहे.

जमिनीचाही विषय आहे आणि तो टाळून फिल्म सिटीवर बोलता येत नाही. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी महाराष्ट्र सरकारने १९७७ मध्ये आरेच्या हिरव्या पट्ट्यात सुमारे ५२० एकरांवर वसवली. तिच्या आवारात आणि लगत वारली आदिवासींचे पाडे तिच्या कितीतरी आधीपासूनचे आहेत. नळ आणि विजेच्या तारेसाठी या पाड्यांना वर्षानुवर्षं अर्ज करावे लागले आणि शेजारी लाखो वॉटचे दिवे लावून खोटी गावं उभी राहत होती. सिनेमाला जंगल लागलं की ते ‘लोकेशन’ असतं. गरिबाला लागलं की अतिक्रमण.

फरीदाबादला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सूरजकुंडजवळचं खोरी गाव आठवा. अरवलीच्या खाणींत दगड फोडायला आलेल्या मजुरांनी ती वस्ती वसवली होती. दगड दिल्लीच्या इमारतींना गेला, खाणी बंद झाल्या, मजूर राहिले. ७ जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने वनजमीन सहा आठवड्यांत मोकळी करा असं सांगितलं आणि कोरोनाच्या साथीत, पावसाळ्यात, सुमारे दहा हजार घरांवर बुलडोझर चालला. त्याच डोंगररांगेत फार्महाऊस आणि लग्नाचे हॉल होते. त्यांचा हिशेब नोटिसा, सुनावण्या, मुदती अशा सभ्य गतीने चालला.

जेवरच्या बाजूला जमिनीचा मोबदला हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. मोबदला मिळतो जमीन असणाऱ्याला. दर कमी-जास्त यावर शेतकऱ्यांची आंदोलनं होतात, ती रास्तही असतात. पण या पट्ट्यात दलितांकडे जमीन मुळात का नाही? फरीदाबादपुरतं सांगायचं तर हा भाग जुन्या पंजाबात होता. १९०० च्या जमीन हस्तांतर कायद्याने कोणत्या जाती ‘शेती करणाऱ्या’ हे सरकारने ठरवून दिलं आणि त्या यादीत नसलेल्यांना त्यांच्याकडून शेतजमीन विकत घेण्याची वाट बंद झाली. शेतात राबणारे दलित ‘शेती करणारे’ ठरले नाहीत! पुढे फाळणीनंतर पूर्व पंजाबात निर्वासितांना जमीन वाटली तीही मागे किती सोडून आलात त्या मापाने. ज्याने मागे जमीनच सोडली नव्हती त्याला पुढे काय मिळणार? डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहून अस्पृश्य निर्वासितांची दैन्यावस्था कळवली होती, ती या पार्श्वभूमीवर.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात मात्र एक महत्त्वाची गोष्ट आहे. ‘बाधित कुटुंब’ या शब्दात जमिनीचा मालकच नाही, तर संपादनाआधी तीन वर्षं त्या जमिनीवर पोट भरणारा शेतमजूर, कूळ आणि कारागीरही धरलाय. हे कलम आपल्या किती गावांत कुणी मोठ्याने वाचून दाखवलं असेल?

मग फिल्म सिटी नकोच का? तसं मी म्हणत नाही. सिनेमा आपल्याला हवा आहे आणि आपल्या हातांत हवा आहे. तो आपल्या हातांत आला तेव्हा कसा आला, हे बघायला हवं. नागराज मंजुळे जेऊरचे. पहिला लघुपट ‘पिस्तुल्या’ त्यांनी अहमदनगरच्या महाविद्यालयात संज्ञापन शिकताना केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग ‘फँड्री’, मग २०१६ चा ‘सैराट’. या साखळीतला पहिला दुवा फिल्म सिटी नाही, जिल्ह्याच्या गावातलं परवडणारं कॉलेज आहे. पुण्यात प्रभात बंद पडल्यावर तिच्याच जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली. ती सरकारी आहे म्हणून तिथे आरक्षण आहे, वसतिगृह आहे, शिष्यवृत्ती लागू होते. हरियाणात रोहतकला दृश्य आणि प्रयोगकलांचं राज्य विद्यापीठ आहे, त्यात चित्रपटाचंही शिक्षण मिळतं. जमिनीच्या जाहिरातीत त्याचं नाव कधी येत नाही. पण फरीदाबादच्या त्या मुलासाठी जेवरच्या २३० एकरांपेक्षा रोहतकच्या वसतिगृहातली एक खाट जास्त कामाची होती.

सरकारी असलं की सगळं सुरळीत, असाही भ्रम नको. केरळमध्ये के. आर. नारायणन यांच्या नावाने असलेल्या चित्रपट संस्थेत, म्हणजे दलित राष्ट्रपतीच्या नावाच्या संस्थेत, विद्यार्थ्यांना आरक्षण डावलल्याच्या आणि सफाई कामगारांना मिळणाऱ्या जातीय वागणुकीच्या तक्रारींवरून डिसेंबर २०२२ मध्ये संपावर जावं लागलं. संप जानेवारीपर्यंत चालला, संचालकांना पद सोडावं लागलं आणि अध्यक्ष अडूर गोपालकृष्णन यांनीही राजीनामा दिला. त्याच राज्याचं चित्रपट विकास महामंडळ अनुसूचित जाती-जमातींच्या दिग्दर्शकांना आणि स्त्रियांना चित्रपटासाठी दीड कोटी रुपयांपर्यंत निधी देतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारच्याच चित्रपट परिषदेत अडूर म्हणाले की ही रक्कम जास्त आहे, ती कमी करा आणि या लोकांना आधी प्रशिक्षण द्या. गायिका पुष्पवती तिथल्या तिथे उठून बोलल्या. चाळीस कोटी बुडवणाऱ्या निर्मात्याच्या मुलाला आधी तीन महिने प्रशिक्षण घेऊन ये असं कधी कोणी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तरीही मी केरळकडे बोट दाखवते, कारण तिथे भांडायला काहीतरी आहे. निधी आहे, नियम आहे, परिषद आहे, म्हणून पुष्पवतींना उठून बोलता आलं. जेवरला आपण कुठे उठून बोलणार?

जागा प्राधिकरणाची, म्हणजे जनतेची. रस्ता, पाणी, विजेची जोडणी जनतेच्या पैशातून. विकासक खासगी, म्हणून आरक्षण नाही. या एका ‘म्हणून’मध्ये सगळी मेख आहे. सार्वजनिक जमीन देताना सरकार अटी घालू शकतं आणि घालतंही : इतक्या वर्षांत बांधकाम, इतका महसूल हिस्सा, इतकी उंची. मग पगारी उमेदवारीच्या जागा, त्यांतला राखीव वाटा, मुक्कामाची सोय, लहान निर्मात्यांना स्टुडिओ परवडणाऱ्या भाड्यात, ही अट का नसावी? मध्य प्रदेशात २००२ च्या भोपाळ घोषणापत्रानंतर सरकारी खरेदीत दलित-आदिवासी पुरवठादारांना हिस्सा देण्याचा प्रयोग झाला होता. फिल्म सिटीला सुतार लागतील, शिंपी लागतील, रंगारी, केटरर, गाड्या, सुरक्षा, सफाई, सगळं लागेल. ही कंत्राटं कोणाला, हा प्रश्न कथा कोणाची या प्रश्नाइतकाच जुना आहे आणि त्याला जोडलेलाही आहे. बाबूराव पेंटर सुतारकामातूनच कॅमेऱ्यापाशी पोचले होते.

एनसीआरमध्ये राहणारे आपल्यातले कितीतरी जण आहेत, काही जेएनयू-जामियात, काही गुरुग्रामच्या कंपन्यांत, काही माझ्यासारखे व्हायोलेट लाइनवर. यमुना एक्सप्रेसवे प्राधिकरण हे सार्वजनिक प्राधिकरण आहे, त्याला माहितीचा अधिकार लागू होतो, अर्जाची फी दहा रुपये. अर्जात मत मागायचं नाही, कागद मागायचा : बेव्ह्यू प्रोजेक्ट्सबरोबरच्या कराराची प्रत, त्यातली प्रशिक्षण आणि रोजगाराबद्दलची कलमं, सेक्टर २१ साठी जमीन घेताना केलेली बाधित कुटुंबांची यादी आणि तिच्यातली भूमिहीन कुटुंबांची संख्या. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर पहिलं अपील. दोन अर्ज मी लिहून ठेवलेत, एक इंग्रजीत, एक हिंदीत. हिंदीतला त्या गोदामातल्या मुलाने तपासून दिला. त्याने एक मुद्दा वाढवला : फिल्म सिटीत इंटर्न ठेवणाऱ्या कंपन्यांनी त्यांना विद्यावेतन द्यावं अशी अट करारात आहे का, असल्यास किती.